चिखलदऱ्याले जाण्याआधी केलेली वाटणी

मी, देवकाबाई सदाशिवराव झाडे, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, राहणार देवळी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय आणि पुष्कळ रागात लिहून ठेवते. अर्जनवीस चंद्रभान म्हणाला, "काकू, रागाचं लिवू नका, कागद बरा नाई दिसत." म्हटलं, "मंग तू ऊठ, मीच लिवतो."

१. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या पोरानं, प्रफुलनंच, मिळवून दिला. चिखलदऱ्यात भाड्यानं जागा घेतली, आता तिथंच राहणार, असं सांगितलं तर त्याले वाटलं म्हातारी बहकली. बीपी तपासू म्हणून वर्ध्याला नेलं अन् डॉक्टरच्या कानाले लागला, हिचं डोकं चालत नाई असं लिहून द्या, म्हणजे बँकेत हिची सही बंद करतो. डॉक्टरनं विचारलं, "आजी, शंभरातून सात गेले किती?" मी सात-सात करत थेट दोनावर उतरली अन् विचारलं, "आता कोणाजवळून उसने घेऊ?" डॉक्टर हसला, पूर्ण शुद्धीत आहे असं लिहून दिलं. फी प्रफुलनं भरली.

२. देवळीचं घर आमच्या यांनी शाळेत शिपाई असताना माझ्या नावानं बांधलं. ते माझ्यामागे मुलगी अंजू हिला मिळावं. मी अंगणात कुरड्या घालून राह्यली होती अन् प्रफुल मले न विचारता गिऱ्हाइकाले न्हाणी दाखवत होता. "आईचं काय, ती आमच्याकडे येईन." मी काय पलंग आहे?

३. प्रफुलले कूलर द्यावा. "मोटर बदलून देतो" म्हणता म्हणता चार उन्हाळे गेले, मी ओला टॉवेल पांघरून बसली. तिकडे चिखलदऱ्यात मे महिन्यात रात्री चादर लागते! पेन्शनीत भाडं, दूध, गोळ्या बसतात, वरून कधीमधी भजे. घरमालकीण मनकर्णाबाई म्हणते, पावसाळ्यात ढग घरात येते, दार लावत जाजो. मी काऊन लावू? येऊ दे.

४. शेवयाची मशीन अंजूले. शेजारच्या वच्छलाबाईले देऊ नये. वीस उन्हाळे तिनं माझ्या मशीनवर शेवया काढल्या, अन् मी सामान बांधलं तर प्रफुलले फोन तिनंच केला. माफी मागितली तर वापराले द्यावी, पण पुसून परत घ्यावी.

५. सोन्याची पोत नात इला हिला. प्रफुलची पोर, पण जागा तिनंच शोधली. बापाले भ्याली नाही.

६. मी वर मेली तर मले वरच जाळावं. गाडीत घालून घाट उतरवू नये. जन्मभर ज्यानं जिथं नेलं तिथं गेली, आता नाही. अग्नी प्रफुलनं द्यावा, पण मी जिती असताना त्यानं आठ दिवस माझ्याजवळ येऊन राहावं, तरच. सुट्टी नाही हे चालणार नाही. न आला तर अग्नी इलानं द्यावा, भाऊबंदांनी मध्ये पडू नये.

त्याच्यावरचा राग या कागदानं मिटत नाही. पण एकटीले एक खोली पुरत होती. मी दोन घेतल्या आहेत.

वरचं सगळं दोनदा वाचलं. एकही शब्द मागे घेत नाही.

साक्षीदार: १. चंद्रभान कडू, अर्जनवीस २. तानबा ढोले, किराणा दुकान

सही: देवकाबाई सदाशिवराव झाडे
देवळी, १८ मे २०२५