तिन्ही मुलांना धडा ८५ वरच बसविणेबाबत

प्रति,
मा. सहायक अधीक्षक (गृहशिक्षण),
शालेय जिल्हा कार्यालय,
ॲल्डर फॉल्स, न्यूयॉर्क राज्य.

विषय : लिडिया (वय १०), सायलस (वय ८) व हॅटी (वय ६) या सख्ख्या भावंडांना अंकगणिताच्या एकाच पुस्तकातील एकाच धड्यावर बसविण्यास मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ११ ऑगस्टचे पत्र, श्रीमती नोरीन ट्रॉम्बली यांच्या नावे आलेले.

महोदया,

१. अर्जदार वेंडेल ट्रॉम्बली हा नगराच्या रस्ते विभागात हिवाळ्यात बर्फ हटविण्याच्या गाडीवर व उन्हाळ्यात खड्डे बुजविण्याच्या कामावर आहे. मला अर्ज लिहिण्याची सवय नाही, नोंदवही लिहिण्याची आहे. रस्त्यावर जे दिसले ते लिहायचे, न दिसलेले लिहायचे नाही, एवढेच मला येते. तरी भाषेत उणेअधिक झाल्यास समजून घ्यावे.

२. श्रीमती नोरीन ट्रॉम्बली ही माझी पत्नी होती. गेली पाच वर्षे मुलांना घरी तीच शिकवीत असे व आपल्या कार्यालयाला दर तिमाहीचा अहवाल तीच पाठवीत असे. ती दि. १९ फेब्रुवारी रोजी सकाळी डोक्यातील रक्तवाहिनी फुटून वारली. एप्रिलच्या अहवालात "शिकविणाऱ्या व्यक्तीत बदल असल्यास कारण" या रकान्यात मी "मृत्यू" असे लिहिले होते. त्यावर आपल्या कार्यालयाने पुरावा मागितला, मी दाखला दिला, पोच मिळाली. पोच नोरीनच्या नावाने आली. त्यानंतरची चार पत्रेही तिच्याच नावाने आली. याबाबत माझी तक्रार नाही.

३. नवीन वर्षासाठी प्रत्येक मुलाची कोणती पुस्तके घेणार हे ऑगस्टमध्ये कळवावे लागते. ही निवड नोरीन दर वर्षी मे महिन्यात करीत असे. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी घरी शिकविणाऱ्या आयांची बैठक भरते व मे महिन्यात तेथे जुन्या पुस्तकांची विक्री असते. यंदा मी गेलो. त्या खोलीत मी एकटाच पुरुष होतो. बायकांनी मला घेरले. एकीचे म्हणणे, वर्षभराच्या सगळ्या धड्यांची तयार पेटी घ्या, त्यात रोज काय बोलायचे तेही छापलेले असते. दुसरीचे म्हणणे, पेटी म्हणजे तुरुंग, मुलांना नुसते वाचून दाखवा, बाकी आपोआप येते. तिसरीने सर्व काही संगणकावर करण्यास सांगितले, तेथे एक घुबड शाबासकी देते. चौथी लॅटिन शिकवा याशिवाय दुसरे बोलेना. मी कोणालाच नाही म्हणू शकलो नाही. घरी आलो तेव्हा गाडीत पाच तऱ्हेची गणिते, तीन तऱ्हेची व्याकरणे व बायकांनी मुलांसाठी रांधून दिलेल्या नूडल्सची दोन भांडी होती. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी परिस्थिती झाली.

४. बैठकीच्या प्रमुख श्रीमती डॉटी पेल्की यांनी सात मुले घरीच शिकवून मोठी केली आहेत. त्यांनी मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पुस्तकावरचा आकडा म्हणजे इयत्ता नव्हे. कुठल्याही वयाचे मूल कुठल्याही पुस्तकावर असू शकते. दुसरी, नोरीन जे पुस्तक वापरीत होती तेच चालू ठेवा, त्या पुस्तकांची पातळी-चाचणी मिळते ती तिघांची घ्या, आणि चाचणी म्हणेल तिथे बसवा. "वेंडेल, आई चुकते, बाप तर चुकतोच. चाचणी खोटं बोलत नाही," असे त्यांचे शब्द होते. मी ते प्रमाण मानले.

५. चाचणीची पद्धत अशी. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी साठ गणिते असतात. ओळीने तीन चुकली की थांबायचे. मग तक्त्यात पाहायचे, त्यावरून कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या धड्यापासून सुरुवात करायची ते कळते. मी जूनमध्ये तीन वेगवेगळ्या दिवशी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिघांची वेगवेगळी चाचणी घेतली. सायलस तिसऱ्या पुस्तकाच्या धडा ८५ वर आला. गेल्या वर्षी पाचवे पुस्तक संपविणारी लिडिया तिसऱ्या पुस्तकाच्या धडा ८५ वर आली. ज्या हॅटीला वीसच्या पुढे मोजताना बोटे पुरत नाहीत, तीही तिसऱ्या पुस्तकाच्या धडा ८५ वर आली.

६. मी तक्त्यात पाहिले, आलेले लिहिले व तिन्ही अर्ज आपल्याकडे पाठविले. मला त्यात काही वावगे वाटले नाही. फेब्रुवारीपासून मला कशातच फारसे काही वाटत नाही. भूक लागली हेसुद्धा मला घड्याळात बघून कळते. हे कारण म्हणून नाही, नोंद म्हणून लिहीत आहे.

७. त्यावर आपले पत्र आले. त्यात (अ) थोरली दोन इयत्ता मागे पडली आहे, (ब) धाकटी दोन इयत्ता पुढे आहे हे संभवत नाही, (क) तिन्ही चाचण्या कोणा प्रौढ व्यक्तीने भरल्याचा संशय आहे, व (ड) दि. ३१ ऑगस्टपर्यंत तिघांची वेगवेगळी पातळी न कळविल्यास दि. ८ सप्टेंबरपासून तिघांनाही गावातील शाळेत दाखल करावे लागेल, असे म्हटले आहे. पत्र लिडियाने फोडले. आईच्या नावाचे पत्र कोणी फोडायचे यावरून तिघांत भांडणे होतात, म्हणून पाळ्या ठरविल्या आहेत. त्या दिवशी लिडियाची पाळी होती. ती दोन दिवस जेवली नाही.

८. मी आपल्या कार्यालयात आलो. खिडकीवर श्री. ओडेल होते. त्यांनी माझ्याकडे व कागदांकडे आळीपाळीने पाहून विचारले की, "ट्रॉम्बली, तीन पोरं, तीन वयं आणि धडा एकच? खरं सांगा, पेपर तुम्हीच सोडवलेत ना?" मी नाही म्हणालो. त्यांना ते पटले नाही. मग त्यांनी "शिकविणाऱ्याची पात्रता" या रकान्याकडे बोट दाखविले. म्हणून मी तेथेच बाकावर बसून ती चाचणी दिली. अपूर्णांकांवर माझी तीन गणिते ओळीने चुकली व मी तिसऱ्याच पुस्तकाच्या धडा ९१ वर आलो. म्हणजे ८५ चे पेपर मी भरले असते तर ते जास्त चांगले आले असते. तसेच मला शिकविण्यास नव्हे तर शिकण्यास पात्र धरावे लागेल, हे मी मान्य करतो. पेपर सोबत जोडला आहे.

९. घरी येऊन मी तिघांना टेबलापाशी बसविले व काय झाले ते विचारले. हॅटी लिडियाकडे बघत होती. शेवटी सायलस म्हणाला, "मला काही करावंच लागलं नाही, बाबा. मी तिथंच होतो."

१०. मग जे कळले ते असे. चाचणीची उत्तरे व तक्ता नोरीनच्या कपाटाच्या खणात होता, तो लिडियाने काढला. धडा ८५ वर यायचे तर किती बरोबर आणि कुठली तीन चूक, याचा हिशेब तिने केला. स्वतः तेवढेच सोडविले व पुढची तीन मुद्दाम चुकविली. हॅटीला तिने उत्तरे क्रमाने पाठ करून घेतली, अंघोळ घालताना, गाण्यासारखी. हॅटीने ती गात गात लिहिली. तिचे ३ व ७ उलटे आहेत, ही बाब आपल्याही पत्रात आली आहे. प्रौढ व्यक्ती ३ उलटा काढीत नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणतो. चाचण्यांच्या वेळी मी समोरच्या खुर्चीत बसलेलो होतो. हॅटी गात होती हे मला ऐकू आले होते. ती का गाते, हे माझ्या डोक्यात आले नाही.

११. असे का केले, हे मी लिडियाला विचारले. तिने तिसरे पुस्तक आणून धडा ८५ उघडून माझ्यासमोर ठेवले. नोरीनची रीत अशी की, महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पुढच्या दीड महिन्याच्या धड्यांच्या समासात पेन्सिलीने सूचना लिहून ठेवी. सायलस दि. १८ फेब्रुवारीला धडा ८४ पर्यंत पोचला होता. तिने लिहून ठेवले होते १०२ पर्यंत. म्हणजे न शिकविलेले अठरा धडे आहेत. धडा ८५ ला लिहिले आहे, "सायलस, पेन्सिल चावायची नाही. हॅटी, तू माझ्याजवळ बस आणि आकडे मोठ्यानं वाच. लिडिया, भावाला उत्तर सांगू नकोस, तुला येतं ते मला ठाऊक आहे."

१२. सूचना तिघांच्या नावाने आहेत. एकाला बसविले आणि दोघांना वगळले तर ते कसे करावे, हे मला सुचले नाही. लिडियालाही सुचले नव्हते, म्हणून तिने जे केले ते केले. तिला मी रागावलो नाही. तिची बाजू घेतो असेही नाही. खोटे ते खोटेच. परंतु मी सहा महिन्यांत जे केले नाही ते त्या दहा वर्षांच्या पोरीने केले, एवढे मला आपल्या दप्तरी लिहून ठेवायचे आहे.

१३. मी दुसऱ्यांदा आपल्या कार्यालयात गेलो तेव्हा श्री. ओडेल मऊ झाले होते. त्यांनी सल्ला दिला की, "लिहा हो काहीतरी. पाच, तीन, एक लिहा. घरी काय करता ते कोण बघायला येतंय?" सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. परंतु नोरीनने पाच वर्षांत न केलेले कधी फॉर्मवर लिहिले नाही. आजारी मुलाचे तासही ती कापून दाखवी. लिडियाला मी हा सल्ला सांगितला. ती म्हणाली, "फॉर्मवर नसेल तर ती शाळा नाही. नुसतं आईचं पुस्तक बघणं झालं." म्हणून हा अर्ज.

१४. तरी पुढीलप्रमाणे योजना सादर आहे. रोजचे अंकगणित ज्याचे त्याच्या पातळीवर होईल : लिडिया सहावे पुस्तक, हॅटी पहिले पुस्तक, सायलस तिसऱ्याच पुस्तकाचे मागील सराव. श्रीमती पेल्की यांनी लिडिया व हॅटी यांची खरी चाचणी त्यांच्या घरी, खण नसलेल्या खोलीत, घेतली आहे. फक्त दर मंगळवारी तिघेही एकत्र बसून एक धडा करतील. दि. ८ सप्टेंबरला ८५, तेथून ओळीने, दि. ५ जानेवारीला १०२. त्यानंतर सायलस १०३ पासून एकटा पुढे जाईल. समासात काही नाही, तिथे इतर दोघांचे काम नाही.

१५. आठवड्याला एकच धडा ही गती फार मंद असल्याचा आक्षेप येईल. श्री. ओडेल यांनी तो घेतलाच. तिघांची एक इच्छा अशी की, हे लवकर संपू नये. ती मी कारण म्हणून मांडत नाही. कारण वेगळे आहे. पुढच्या धड्याची सूचना आधी वाचायची नाही, हा नोरीनचा नियम मुले अजून पाळतात. लिडियाने ८५ च्या पुढची पेन्सिलीने लिहिलेली पाने फक्त मोजली, वाचली नाहीत. मी वाचली आहेत. एका दुपारी, सगळी, उभ्याने. १०२ ला फक्त "हॅटीचा दात?" एवढेच आहे. तो दात मार्चमध्ये पडला. मला तेव्हा रडू येईल असे वाटले होते. आले नाही. मी पुस्तक होते तसे ठेवले व बटाटे सोलले.

१६. धडा ९७ हा आकारमान मोजण्याचा आहे. त्याच्या समासात असे लिहिले आहे : "बाबांबरोबर मिठाच्या गोदामात जा आणि ढीग मोजा. ते म्हणतील वेळ नाही. दोनदा विचारा." रस्त्यावर टाकण्याच्या मिठाचे हे गोदाम आमच्या विभागाचे आहे. रोज एक धडा केल्यास ९७ सप्टेंबरच्या शेवटी येतो. त्या वेळी गोदामात मागील वर्षाचा तळ उरलेला असतो, मोजण्यासारखे काही नसते. मिठाच्या गाड्या ऑक्टोबरपासून येतात. दर मंगळवारी एक या हिशेबाने ९७ दि. १ डिसेंबरला येतो. तेव्हा ढीग छपराला टेकलेला असतो. नोरीनला हे माहीत होते. तिने तो धडा हिवाळ्यातच धरला होता.

१७. डिसेंबरात आमच्या विभागात रजा मिळत नाही. बारा वर्षांत मी त्या महिन्यात कधी मागितली नाही, घरी कोणी मागायला सांगितले तेव्हाही नाही. या वेळी मागितली आहे. साहेबांनी कारण विचारले, मी सांगितले, त्यांनी खिडकीबाहेर बघत सही केली.

१८. सबब विनंती की, (अ) संशयाचा शेरा काढून टाकावा. (ब) वरील योजना तिघांच्या नावे मंजूर करावी व "पातळी" या एकाच चौकटीत दोन नोंदी करण्यास परवानगी द्यावी, संगणक घेत नसल्यास हाताने लिहाव्यात. (क) या अर्जाचे उत्तर घरी न पाठविता खालील कामाच्या पत्त्यावर पाठवावे. घरी आलेले पत्र मुले फोडतात व पुढची पाळी सायलसची आहे. उत्तरातून परिच्छेद १५ व १६ मधील सूचना त्यांच्या वाचनात आधीच येऊ नयेत. उत्तर नोरीनच्या नावाने आले तरी हरकत नाही, रस्ते विभागात तिला सगळे ओळखतात.

कळावे, उत्तराची वाट पाहणारा,

वेंडेल ट्रॉम्बली
(लिडिया, सायलस व हॅटी यांचे वडील)
द्वारा रस्ते विभाग, मिठाच्या गोदामाशेजारी, ॲल्डर फॉल्स.
दि. २४ ऑगस्ट

सोबत :
१) लिडिया व हॅटी यांच्या खऱ्या चाचण्या, श्रीमती पेल्की यांच्या सहीसह.
२) लिडिया व हॅटी यांच्या खोट्या चाचण्या, लिडियाच्या कबुलीसह. कबुलीत हॅटीचा दोष नसल्याचे तिने दोनदा लिहिले आहे, ते तसेच ठेवले आहे.
३) अर्जदाराची स्वतःची चाचणी (धडा ९१).
४) धडा ८५ च्या पानाची छायाप्रत. मूळ पुस्तक मागवू नये.
५) दि. १ डिसेंबरच्या मंजूर रजेची प्रत. कारणाच्या रकान्यात साहेबांनी माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे : "मुले विचारणार आहेत. एकदाच विचारावे लागावे म्हणून."