वेशीतल्या दगडावरची कोरी जागा

राजूर, १९९९

आबा,
हे पत्र टाकायला पेटी न्हाई, तरी दंडवत.

तुमच्या पलटणीच्या कागदांचा अर्थ मी एकट्यानं लावला. शाळा सातवीपर्यंतच, पण जालन्याच्या रद्दीवाल्याकडून फौजी पुस्तक आणलं, मास्तरांना विचारलं न्हाई. ‘बी.सी.’ म्हणजे लढाईत पडलेला. ‘पी.सी.’ म्हणजे आजारानं किंवा अपघातानं गेलेला. तुमच्या नावापुढं ‘पी.सी.’ आहे. भिंग लावून पुन्हा पाहिलं.

आई मात्र एकाहत्तरपासून सांगून राह्यली, की तुम्ही लढाईत गोळी खाल्ली. आता गाव वेशीत तुमच्या नावाचा दगड बसवतंय. मजकूर माझ्याकडं, कारण चुकीचं अक्षर मी देवळाच्या पाटीवरही खपवून घेत न्हाई.

पाथरवट तातेरावानं विचारलं, “वीरमरण कोरू ना?”
मी म्हणालो, “नाव, नंबर, पलटण, साल. बस.”

दगड बसल्यावर आई म्हणाली, “कसे गेले ते न्हाई लिवलं?”
“जागा न्हाई उरली, आई.”

तिला वाचता येत न्हाई. तिनं दगडावरून हात फिरवला. खालचा अर्धा भाग गुळगुळीत लागला.
“एवढी तर हाय की,” म्हणाली, आणि हळद तिथंच लावली.

तेव्हापासून ती काहीच विचारत न्हाई, अन् मला चैन न्हाई. आबा, तिला आधीपासून ठाऊक होतं का?

उत्तराविना अडलेला,
भुजंग