रडायची खोली

तारीख एकोणीस, मंगळवार, दुपार

आधी तक्रार, मग बाकीचं. काल पोस्टमन एक गुळगुळीत पाकीट टाकून गेला. वर तुझ्या देवळाचं चिन्ह, क्रूसवालं. म्हटलं, चला, लेकाला आई आठवली. उघडते तर आत 'प्रिय पाहुणे'! आमच्या उपासनेला आल्याबद्दल धन्यवाद, अनुभव कसा वाटला, पाच चांदण्यांपैकी किती द्याल, पुन्हा याल का. खाली तुझी सही, तीही छापलेली. बाबा रे, तुझी शी-शू काढली तेव्हा मी तुझ्याकडे चांदण्या मागितल्या नव्हत्या. त्या ऑफिसातल्या बाईला सांग, ही पाहुणी तुमच्या पाळकाला कान धरून आंघोळ घालायची.

असो. चिरंजीवास आईचे आशीर्वाद. प्रभू तुला सांभाळो आणि सूनबाईला बळ देवो. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मीही कुरकुरते, तेव्हा आमचं जमतं. तुझ्या ताईची पोरं पास झाली, एक सोडून; कोण ते तुला सांगायला नको. माझं शिक्षण तिसरीतच थांबलं आणि अक्षर त्याच्याही आधी, म्हणून सावकाश वाच. एका बैठकीत वाच. मध्येच फोन घेऊ नकोस.

त्यांच्या कार्डावर लिहायला चार ओळी होत्या. माझं त्यात मावत नाही.

तुझं देऊळ चांगलं आहे. टोमणा नाही मारत. खुर्च्या गुबगुबीत आहेत, कॉफी कढत होती, पडद्यावरची अक्षरं एवढी मोठी की मी चष्म्याशिवाय वाचली. ढोल मात्र कानात वाजत नाही, पोटात वाजतो. आणि तो अंधार कशाला रे? उपासना आहे का सिनेमा? आपल्या जुन्या देवळात खिडक्यांतून ऊन यायचं. कुणाचा डोळा सुजलाय, कुणाच्या बुटाला भोक पडलंय, सगळं दिसायचं. शेवटचा आशीर्वाद झाला की त्या सुजलेल्या डोळ्याजवळ कुणीतरी जाऊन उभं राहायचं. भोचकपणाही असायचा त्यात, नाही म्हणत नाही. पण तुझ्याकडे सगळा उजेड तुझ्या एकट्यावर, आणि शेजारी माणूस बसलंय का गोणी ठेवलीय ते कळत नाही.

गाणी एक तास. आम्ही जिंकलो, आम्ही नाचतो, आम्ही उडतो. मी वाट बघत होते, एखादं तरी गाणं हरलेल्या माणसाचं येईल. नाही आलं.

पण या गोष्टींसाठी मी पत्र लिहायला बसले नाही. ढोलाचा मला राग नाही. मी गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी परतीची गाडी धरली आणि तुला म्हटलं, कंबर धरलीय, घरीच बरं. कंबर ठणठणीत होती.

त्याच्या आधीच्या बुधवारी लेकरू झालं. गेलेलंच झालं. तुझा निरोप आला आणि मी गुरुवारी मिळेल त्या गाडीनं निघाले. येऊन पोचते तर तू दारातच म्हणालास, "आई, सगळं आटोपलं." दवाखान्यातून ती छोटी पेटी घेऊन तू एकटाच जाऊन आला होतास. मी म्हटलं, "आणि हिला नेलं नाहीस?" तर म्हणालास, "कशाला तिला त्रास? बाळ प्रभूजवळ आहे." बोलताना तू बूट पुसत होतास. तळव्याला माती होती, ती तू काडीनं कोरून कोरून काढलीस. मी बघत होते.

आणि रविवारी, चारच दिवसांनी, तू तिला पुढच्या रांगेत उभी केलीस.

मी तिच्या शेजारीच होते. पहिलं गाणं चालू होतं, तिचे हात वर होते. स्टेजच्या उजेडात तिच्या निळ्या कपड्यावर छातीशी दोन डाग दिसले, आधी रुपयाएवढे, मग तळहाताएवढे. तीस वर्षं मी दवाखान्याच्या धुलाईत चादरी बडवल्या. रक्ताचा डाग, औषधाचा डाग, दुधाचा डाग, मला लांबून कळतो. तिला पान्हा फुटला होता. मागे कुठेतरी कुणाचं तरी पोर रडत होतं, अंगाला ते कळतं, डोक्याला कितीही समजावा. मी तिच्या कानात म्हटलं, "चल बाहेर." ती ओठ न हलवता म्हणाली, "नको आई, सगळे बघतायत." आणि हसली. तुझ्यासारखीच हसते हल्ली.

मग पडद्यावर सूचना आल्या. तरुणांची सभा, भगिनींची प्रार्थना, आणि मग गुलाबी रंगात दोन इवलीशी पावलं. 'पाळकांच्या घरी या महिन्यात नवा पाहुणा! अभिनंदन!' कुणीतरी दोन आठवड्यांपूर्वी करून ठेवलेलं, काढायचं राहून गेलं. चूक आहे, माणसाकडून होते. त्या कुणाला मी बोल लावत नाही. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना माहीत होतं तेही, इतर वाजवतात म्हणून.

तुला दिसलं होतं. तू मान वळवून बघितलंस. मला वाटलं, आता हा थांबेल. माईक खाली ठेवेल, पायऱ्या उतरून बायकोजवळ येईल. तू माईक तोंडाशी नेलास आणि म्हणालास, "देव सर्वकाळ चांगला आहे!" लोक म्हणाले, "सर्वकाळ!" आणि गिटार सुरू झालं.

तेव्हा मी ओरडले. "अरे पुसा ते! मेल्यांनो, पुसा ते आधी!" देवळात मेल्यांनो म्हणायला नको होतं. पण मी म्हटलं, आणि आता माफीही मागत नाही.

मग छातीवर बिल्ला लावलेली ती गोड बाई आली. "आजी, बरं वाटत नाहीये का? या, आपण शांत बसू." दंडाला धरून मला मागे नेलं, त्या काचेच्या खोलीत. आत आवाज येत नाही, भिंतीवरच्या डब्यातून येतो तेवढाच. सहा-सात बाया लेकरं घेऊन बसलेल्या. मी विचारलं ही कसली खोली? तर एक म्हणाली, "रडायची खोली, आजी. पोरं रडायला लागली की इथे आणायची, म्हणजे उपासनेत व्यत्यय नको." दुसरी अंगावर पाजत होती. तिनं सहज विचारलं, "तुमचं कुठलं, आजी?"

मी काचेतून बोट दाखवलं. ती म्हणाली, "ती? ती तर पाळकीणबाई!"

तिची पाठ दिसत होती. हात अजून वरच होते.

एवढं मोठं देऊळ बांधलंस, त्यात रडायला एक खोली ठेवलीस, आणि ती दोन वर्षांच्या आतल्यांसाठी. गेलेल्या लेकराच्या आईनं कुठे जायचं? त्या खोलीत ती जाऊ शकत नाही, तिथे सगळ्यांच्या मांडीवर लेकरं आहेत. बाहेर रडू शकत नाही, बाहेर विजय आहे. पवित्र शास्त्रात एक आई आहे, लेकरांसाठी आकांत करते आणि कुणाचं सांत्वन ऐकून घेत नाही. तिचा आकांत कुणी शास्त्रातून खोडून काढला नाही. तू बसवलं असतंस तिला काचेत.

घरी आल्यावर तू म्हणालास, "आई, तू मंडळीपुढे माझी मान खाली घातलीस." मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं मी ओशाळले. उत्तर नव्हतं असं नाही, पण ते माझ्याच तोंडावर आलं असतं. तेच आता लिहायचंय, आणि मघापासून मी ढोल आणि खुर्च्या सांगत बसलेय.

संध्याकाळी तू सभेला गेलास. मी तिला न्हाणीघरात बसवलं, जुनी चादर फाडून पट्टे केले आणि छाती बांधून दिली, घट्ट, धुलाईतल्या जुन्या बायका बांधायच्या तशी. पट्टा ओढताना दुखलं असेल, पण हूं की चूं नाही. मी म्हटलं, "अगं रड की. मी आहे ना, कुणी नाही बघत." ती म्हणाली, "आई, मी रडले तर लोक म्हणतील पाळकाच्याच घरात विश्वास नाही."

माझ्या हातातला पट्टा सुटला.

हे वाक्य माझं आहे, बाळा. शब्द न् शब्द माझं.

तुझी धाकटी बहीण गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. ती दोनची. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी संपलं. तुझे बाबा देवळाचे राखणदार, घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे. आपण देवळाच्या आवारात राहायचो, तेव्हा सगळ्या मंडळीची नजर आपल्यावर. कबरीशी गाणं चालू होतं आणि तू हमसून हमसून रडायला लागलास. मी तुझ्या दंडाला चिमटा काढला. तू गप्प होईपर्यंत सोडला नाही. चार दिवस हिरवानिळा होता दंड. घरी आल्यावर मी तुला म्हटलं, रडायचं नाही, लोक म्हणतील देवळाच्या घरातच विश्वास नाही.

त्या वेळच्या पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी उपदेशात माझं उदाहरण दिलं. या बहिणीचा विश्वास बघा म्हणाले, डोळ्याला पाणी नाही. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. लेक मातीत आणि मला कौतुक गोड लागलं. मग ते टिकवायला आयुष्यभर कोरडी राहिले. आणि आता तुला शहाणपण शिकवते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तुझे बाबा दर शनिवारी विळा घेऊन कबरस्तानात जायचे. म्हणायचे, गवत माजलंय, कापून येतो. वर्षभर गवत माजतं का कुठे? एकदा म्हणाले, "येतेस का?" मी म्हटलं, "मेलेल्यांजवळ काय ठेवलंय?" पुन्हा त्यांनी विचारलं नाही. ते जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

तुझ्याकडून परत आल्यावर गुरुवारी मी तिच्या कबरीकडे गेले. मूठमातीनंतर पहिल्यांदा. सापडली नाही रे. लाकडाचा क्रूस होता, तो केव्हाच कुजला असेल. भिंतीपासून तिसरी का चौथी, ते तुझ्या बाबांना माहीत होतं. नवा राखणदार बिचारा माझ्याबरोबर दोन तास फिरला. म्हणाला, "आजी, लहान कबरी लवकर बसतात, जमीन सपाट होते." शेवटी एका सपाट जागेशी मी उभी राहिले. तिची नसेलही. तिथेच बसले आणि रडले. मोठ्यानं, नाक गळेपर्यंत. राखणदार पाठ करून उभा राहिला. एवढ्या वर्षांनी रडायला गेले तर सूरच लागेना, कुत्र्यासारखा आवाज निघाला. देवाला तो आवडला का नाही मला माहीत नाही. त्यानं मला गप्प बस म्हटलं नाही, एवढं सांगते.

तर आता ऐक. येत्या रविवारी स्टेजवर दुसऱ्या कुणालातरी उभं कर. आजारी आहे म्हणून सांग, खोटं नाही ते. तिला घेऊन, पेटी ठेवून आलास त्या जागी जा. जागा तुला एकट्यालाच माहीत आहे, आणि तू उद्या गाडीखाली आलास तर ती बाई माझ्यासारखी दुसऱ्याच्या मातीशी बसून रडेल. माईक नको, गिटार नको, उपदेश तर मुळीच नको. देव चांगला आहे हे तिला माहीत आहे, तिला ते पुन्हा सांगू नकोस. तिला हवं तेवढं रडू दे. तुला आलं तर तूही रड. चिमटा काढायला मी तिथे नसेन.

आणि एक. छाती बांधून झाल्यावर ती म्हणाली होती की तिनं लेकीचं नाव ठेवलंय. मनातल्या मनात, सातव्या महिन्यातच. मी म्हटलं सांग. तेवढ्यात तुझी किल्ली दारात वाजली आणि तिनं तोंड मिटलं. तुला तरी सांगितलंय का तिनं? विचारलंस का? माझी नातवंडं कुणी विचारली तर मी आता सात सांगते, ताईची सहा आणि ही. पण सहा जणांची नावं घेऊन प्रार्थना करते आणि सातवीला नुसतं 'ती' म्हणते. देव ओळखत असेल. मला ओळखू यायला नाव हवं.

तुझी, आणि मातीतल्या दोघींचीही,
आई

ता. क. या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. तिला वाचून दाखव, कागद-पेन दे आणि खोलीच्या बाहेर जा. उत्तर सूनबाईनं लिहायचं, तिच्या हातानं. एकच शब्द लिहिला तरी चालेल, पण तिनंच.