धाकूचा जबाब

ठाणे, माघ वद्य पंचमी, शके १८०९

प्रिय नाथा,

मेतकुटाचा डबा पोहोचला असेल. मागचे दोन डबे कल्याणासच मुक्काम ठोकून आहेत, ते परत पाठव, असा तुझ्या आईचा निरोप आहे. माझा गुडघा कोर्टाच्या पायऱ्या चढताना कुरकुरतो, जीभ मात्र अजून कुरकुरत नाही. सव्वीस वर्षांत जिल्हा कोर्टात आणि हायकोर्टातल्या अपिलांत भाऊंनी किती जणांचे गळे सोडवले, हे तिकडचे वकील तुला कौतुकाने सांगतात म्हणे. ते धाकूचे नाव घेत नाहीत. कोणाला आठवतही नसेल. मला आठवते.

धाकू कळव्याचा, मिठागरावर राबणारा. बांधावरून शेजारच्या महिपतशी तंटा झाला, महिपतने धाकूच्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यात काठी घातली आणि धाकूने हातातले फावडे तसेच चालवले. महिपत जागीच गेला. तुरुंगात भेटलो तेव्हा धाकू सरळ म्हणाला, "मीच मारलाय सायेब. माजे आयशीला मारलान त्यानी." कोर्टात एवढेच बोलला असता, तर एकाएकी भडकलेल्या रागाची सवलत मिळून फाशी टळली असती. पण आपल्या धंद्याची खोड तुला ठाऊक आहे. आधी नाकबूल जायचे, पुढचे पुढे. साक्षीदार मी उलटतपासणीत लोळवतो, अशी घमेंडही होती. तीन दिवस बसून त्याला पढवले की त्या दिवशी मी आंबिवलीस सासुरवाडीला होतो, असे म्हण. बिचाऱ्याला खोटे नीट बोलताही येईना. तो तेथे नव्हताच म्हटल्यावर आईच्या डोक्यावरची खोक दाखवून काय उपयोग? मी तिला साक्षीला उभेच केले नाही.

तिघे साक्षीदार आले, एकही लोळला नाही. फाशीची शिक्षा झाली. अपिलात मी रागाचा मुद्दा काढला, तेव्हा जज्जसाहेबांनी शांतपणे विचारले, आरोपी तर आपण तेथे नव्हतो म्हणतो, मग त्याला राग आला कोठे? हायकोर्टात मी खाली मान घालून उभा राहिलो, तो तेवढाच एकदा.

धाकू फासावर गेल्यावर महिन्याभराने त्याची आई रखमाबाई घरी आली. पदरात सुकट बांधून आणली होती. "तुमी लय भांडलाव आमच्यापायी," म्हणाली आणि माझ्या पाया पडली. मी तिला खरे सांगितले नाही. नाथा, मला धीरच झाला नाही. तुझ्या आईने ती सुकट रांधली आणि मी भूक नाही म्हणून पानावरून उठलो. आजवर हे मी तिलाही बोललेलो नाही.

आता तुझ्या पत्राकडे येतो. तुझ्या खडवलीच्या अशिलाने, दौलतने, आपल्या बायकोवर कोयता उगारणाऱ्याला ठार मारले, आणि सोमवारी मॅजिस्ट्रेटपुढे तो घडले तेच सांगणार म्हणून हटून बसला आहे. मी येऊन त्याला नाकबूल जायला समजवावे, मोठ्या वकिलाचा शब्द तो मोडणार नाही, असे तू लिहितोस. नाहीच मोडणार. धाकूनेही मोडला नव्हता. मी येत नाही. त्याला बोलू दे, बाळा, आणि त्याच्या बायकोला साक्षीला उभी कर.

तुझे वडील,
भाऊ