परवा निघायचं आहे

मी, खाली सही करणारी, वय वर्षं अडुसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, राहणार याच घरात गेली एक्केचाळीस वर्षं, पूर्ण शुद्धीत असताना, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात 'माझी प्रकृती उत्तम असून' असं एक वाक्य होतं, ते मी गाळलं. प्रकृती उत्तम असती तर लिहायला कशाला बसले असते? तेरा तारखेला, गुरुवारी, माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. "वाचेन का?" असं मी सर्जनना विचारलं, तर म्हणाले, "आपण प्रयत्न करू." प्रयत्न करू म्हणजे काय ते मला कळतं. अवघड काम आलं की मीही गिऱ्हाइकाला हेच सांगते.

डोकं मात्र ठिकाणावर आहे. घरात दोघांपैकी एकाचं तरी असावं लागतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. याची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी. मुलगाही गुणाचा आहे, पण तो आधी 'हो' म्हणतो आणि मग स्वतःला पटेल तेच करतो.

कलम एक. घर. हे तीन खोल्यांचं घर माझ्या कमाईचं आणि माझ्या नावावरचं आहे. पुढे बाइंडिंगची खोली, मध्ये आम्ही, मागे स्वयंपाकघर. माझ्यामागे ते मुलगा आणि मुलगी यांना निम्मंनिम्मं मिळावं. पण आमचे हे हयात असेपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि दारांचे रंगसुद्धा बदलू नयेत. रंगाचं वाचून सूनबाई हसेल. हसू दे. न्हाणीघराचं दार निळं आहे म्हणून ह्यांना ते सापडतं.

हे म्हणजे माझे यजमान, वय त्र्याहत्तर. नोकरीच्या सुरुवातीला बस आगारात चौकशीच्या खिडकीत बसायचे, पुढे तेहतीस वर्षं तिथेच वेळापत्रकं आखली. कोणती गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी, हे तोंडपाठ. सगळं आगार त्यांना 'टाइमटेबल' म्हणायचं. सहा वर्षं झाली, हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग नातवंडांची नावं, मग आपण जेवलो की नाही ते. गेल्या वर्षी दोन दिवस मुलीकडे नेलं होतं, तिचं घर दोन तासांवर. तिथे न्हाणीघराच्या दारात उभे राहून रडायला लागले, "मला घरी सोडा हो कोणीतरी." मुलीने तोंड फिरवून रडून घेतलं. म्हणून हे कलम. मुलगा म्हणतो, "आई, चांगले वृद्धाश्रम असतात, मी स्वतः बघून आलोय." त्याने बघितले, खरं आहे. ह्यांनी नाही बघितले.

कलम दोन. हत्यारं. पुस्तकं दाबायचा शिकंजा, कापायचं यंत्र, दाभणं, घड्या बसवायच्या हाडाच्या पट्ट्या आणि उरलेलं कापड, पुठ्ठा हे सगळं माझ्याकडे बावीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या बाईंना द्यावं. मुलाला यातलं काही नको आहे. लहानपणी त्याच्या कपड्यांना खळीचा वास यायचा आणि शाळेत पोरं चिडवायची, तो राग अजून गेलेला नाही. शिकंज्याचा स्क्रू डावीकडे फिरवताना अडतो. त्याला तेल चालत नाही, शिवी लागते. बाईंना माहीत आहे.

कलम तीन. कपाटातले अकरा बांधीव खंड, हिरव्या कापडाचे. हे मुलीला द्यावेत. ते काय आहेत हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहिते.

चौतीस वर्षांपूर्वी माझ्याकडे भूगोलाच्या पुस्तकाचं काम आलं होतं. त्यात एक रंगीत पान होतं. पार उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यातल्या रात्री आकाशात हिरवा प्रकाश पडद्यासारखा हलतो, त्याचं चित्र. नॉर्दर्न लाइट्स म्हणतात. एक ताव छपाईत बिघडलेला निघाला, हिरवा रंग बोटभर सरकलेला. रद्दीत टाकण्याऐवजी मी तो ह्यांना दाखवला. अर्धा तास तो हातात धरून बघत बसले. मग म्हणाले, "अगं, हे खरंच असं दिसतं?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? मी फक्त शिवते."

"मग जाऊन बघायला हवं," म्हणाले. झालं.

पहिला बेत जूनचा होता. ह्यांची रजा उन्हाळ्यात, मुलांच्या सुट्ट्याही तेव्हाच, शिवाय थंडी कमी वाजेल. विमानं, गाड्या, कुठे किती मिनिटं थांबायचं, सगळं आखून हे प्रवास कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, जूनमध्ये तिकडे रात्रच होत नाही. सूर्य मावळतच नाही. लाइट्स दिसणार कुठून?" ज्या माणसाने जन्मभर शेवटच्या गाडीची वेळ ठरवली, तो रात्रच धरायला विसरला! घरी येऊन सांगताना स्वतःच इतके हसले की ठसका लागला. मी त्या बेताचे कागद शिवले, पुठ्ठा घातला, हिरवं कापड चढवलं आणि पाठीवर 'पहिला' असं छापलं.

पुढचे बेत हिवाळ्याचे झाले. एका वर्षी सासूबाईंचा पाय मोडला, एका वर्षी आगारात संप, एका वर्षी मुलीची परीक्षा, मग तिचं लग्न. संसार म्हटला की हे आलंच. हे दर वेळी नव्याने आखायचे आणि मी बांधायचे. नुसतं वाचायला बसलो तरी आमची संध्याकाळ मजेत जायची. चौथ्या खंडात तर तिकडच्या एका स्टेशनावर आमची चुकामूक झाली तर कोणी कुठे थांबायचं तेही लिहिलेलं आहे.

अकराव्या खंडात खरी तिकिटं आहेत. तो सहा वर्षांपूर्वीचा. हे निवृत्त झालेले, मुलं आपापल्या घरी, जाड कोट शिवून आलेले. निघायला तीन आठवडे उरले असताना माझ्याकडे चार हजार वह्यांचं काम आलं. मी घेतलं. घरात कोणी आजारी नव्हतं, कोणी आडवं आलं नव्हतं. मीच म्हणाले, "हातचं काम कशाला सोडायचं? लाइट्स काय पळून जातायत? पुढच्या वर्षी जाऊ." हे म्हणाले, "बरं." एवढंच. आणि पेन्सिल घेऊन सगळ्या तारखा एक एक वर्षाने पुढे ढकलल्या. त्याच हिवाळ्यात एका सकाळी दूध आणायला गेले आणि कोपऱ्यावरून लोकांना आपल्याच घराचा रस्ता विचारत आले.

तुमच्या अप्पांनीच बेत रद्द केला असं मी मुलांना आजवर सांगत आले. ते खोटं आहे. रद्द मी केला. हे मला फार लागतं, रोज लागतं. मी ह्यांची माफी मागितली आहे, एकदा नाही, दहादा. प्रत्येक वेळी ह्यांनी विचारलं, "कशाबद्दल?"

कलम चार. माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमच्या गच्चीची एक किल्ली द्यावी. पहिला बेत ऐकून त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आकाश बघायला एवढ्या लांब? गच्चीवर जा की, फुकट दिसेल." तेव्हापासून जो भेटेल तो ह्यांना विचारायचा, "काय टाइमटेबल, गच्चीवर जाऊन आलात का?" हे हसण्यावारी न्यायचे. मी नेलं नाही. तर आता जाऊबाईंनी वर बसावं आणि डोळे भरून बघावं. तिथे खुर्ची आहे, एका पायाने लंगडी. हे कलम काढ म्हणून मुलगी मागे लागली होती. काढलेलं नाही.

कलम पाच. बँकेतली ठेव. प्रवासासाठी वेगळं ठेवलेलं खातं आणि बाकीची शिल्लक मिळून ह्यांचं औषधपाणी आणि सांभाळणाऱ्या माणसाचा पगार यांवर खर्च व्हावी. उरेल ते नातवंडांचं. या खात्याबद्दल एक सांगायला हवं. ऑपरेशनचं कळलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, ते राहू दे पुढच्या महिन्यावर. मी तुम्हा दोघांना घेऊन जातो, आत्ता." मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला थांबून चालणार नाही. आणि त्यांना अनोळखी खोलीत एक दिवस निघत नाही, अठरा तास विमानात कसे बसवणार? घाबरून जातील." ह्यांना जिथे जायचं आहे तिथेच ह्यांना नेता येत नाही. मी घरी येऊन मुलाला सांगितलं. तो उठून मोरीत गेला आणि सगळी भांडी घासली.

कलम सहा. हे मी सगळ्यांत महत्त्वाचं मानते. नातवंडं आठवत नाहीत, पण ह्यांना बेत आठवतो. रोज सकाळी चहा झाला की कोट अंगात घालतात आणि विचारतात, "अगं, निघायचं कधी?" माझ्यामागे जो कोणी ह्यांना सांभाळेल त्याने उत्तर द्यावं, "परवा." दुसरं काही नाही. मी सगळी उत्तरं करून पाहिली आहेत. मुलाने एकदा खरं सांगितलं, "अप्पा, आता नाही जमायचं." तर हे कोणी गेल्याची बातमी ऐकावी तसे रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. रोज नव्याने कोण रडवणार? 'पुढच्या वर्षी' म्हटलं तर चिडतात. का चिडतात ते मला ठाऊक आहे. 'उद्या' तर मुळीच म्हणू नये. 'उद्या' लक्षात राहतं. एकदा मी म्हणून बसले, तर सकाळी माझा डोळा चुकवून कोट घालून समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले, भर उन्हात, दुपारपर्यंत. फळवाल्याने हाताला धरून आणलं. म्हणाला, "बाई, काका येईल त्या गाडीला थांबवतायत आणि ड्रायव्हरला उशिराचं कारण विचारतायत."

'परवा' मात्र बरोबर बसतं. खूश होतात, कोट काढून ठेवतात, आणि परवा उजाडेपर्यंत विसरून जातात. उत्तर देताना घाई करू नये, हसू नये, ह्यांच्याकडे बघून द्यावं. कोटाला आठवड्यातून एकदा ऊन दाखवावं.

घर देता येतं, हत्यारं देता येतात. पण रोज सकाळी न कंटाळता कोणीतरी मायेने खोटं बोलावं, हे मी कोणाच्या नावावर कसं करून देऊ? कायद्यात अशी काही सोय आहे का म्हणून वकीलबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. सोय नाही. तरी लिहिते.

पुरवणी. वरचं सगळं मी गेल्या सोमवारी लिहून संपवलं होतं. आज शुक्रवार, चार वाजता साक्षीदार येणार आहेत.

मंगळवारी ह्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, झोप नीट झाली नसेल. बुधवारी नाही, काल नाही. आज चहा झाल्यावर मी वाट पाहिली, आणि मग स्वतःच कोट आणून समोर धरला. ह्यांनी बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं. म्हणाले, "चांगला उबदार आहे. कोणाचा?"

मी म्हटलं, "अहो, असं काय करता? आपल्याला निघायचंय ना?"

हे खुर्चीत सरळ झाले. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि अगदी अदबीने म्हणाले, "कुठे जायचंय बाई तुम्हाला?"

मी सांगितलं. पार उत्तरेला, हिरवं आकाश बघायला. दोघांना. हे खरोखर विचारात पडले. रिकाम्या टेबलावर वेळापत्रक असल्यासारखं बोट ठेवून वरपासून एक एक ओळ तपासत गेले, पार खालच्या कडेपर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मनापासून वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "तिकडची गाडी इथून सुटत नाही, बाई."

सबब कलम सहा मी माझ्या हाताने खोडत आहे. खोडलेलं वाचता येतं, येऊ दे. त्याच्याऐवजी काय लिहावं हे मला सुचत नाही, म्हणून खाली चार ओळींची जागा कोरी सोडली आहे. बाकीची कलमं कायम.

सही: (बाइंडरबाई)
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली, कापायचं टेबल
तारीख: ७ मार्च २०२५, शुक्रवार

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की बाइंडरबाईंनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत केली, आम्हीही त्यांच्यासमोर सही केली, आणि या कागदाने आम्हा दोघांना काहीही मिळणार नाही.

साक्षीदार पहिली: समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. (सही)

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर. (सही) मी त्यांना सहीपूर्वी तपासलं. रडत होत्या, पण पूर्ण शुद्धीत होत्या.