घड्याळबंगल्याची तिसरी पायरी

पुढील कामे मी माझ्या दोन हातांनी केली आहेत आणि ती करायला मला कोणीही शिकवलेले नाही: घड्याळबंगल्याचा वळणाचा जिना, तळापासून माथ्यापर्यंत, त्याचा कठडा, दर्शनी दरवाजा, चौकटीसकट, वरच्या मजल्यावरच्या सर्व खिडक्यांच्या झडपा, घड्याळाच्या मनोऱ्यातली फळ्यांची जमीन, माझे राहते घर, विटा सोडून, माझ्या पत्नीचे कपाट, आणि माझ्या थोरल्या बंधूंची आरामखुर्ची, जिच्यात बसून ते माझ्याविषयी बोलतात. वाटणी नंतर. हे आधी लिहिले, कारण भांडण यातूनच निघाले आहे.

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, धंदा सुतारकाम, ज्याला लोक तोंडावर मिस्त्री आणि पाठीमागे पटाशी म्हणतात, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर म्हणतात, भुसा छातीत आहे आणि तो आता निघणार नाही. थोरले बंधू लहानपणापासून म्हणत आले की भुसा डोक्यात आहे. दोघांनी आपसात ठरवावे. कायद्यापुरता डॉक्टरांचा दाखला ग्राह्य धरावा.

कलम १. राहते घर, त्यामागची खोली सोडून, माझ्या पत्नीला. सोबत तिने गेल्या वर्षभरात हात घालून पाहिलेले सर्व कोनाडे, गाद्या, पिठाचा डबा आणि माळ्यावरची ट्रंक. ती काय शोधत होती हे मला माहीत आहे. सापडले का, असे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. बंगल्याच्या प्रकरणात मी पैसे घेतले की नाही यावर मी आजवर कोणापुढे अवाक्षर काढलेले नाही. ते सर्वांत शेवटी लिहिले आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तिथे जावे. कलमे वाचण्याची सवय गावात तशीही कोणाला नाही.

कलम २. घरामागची खोली माझ्या साडूला, तो जिवंत असेपर्यंत, बिनभाड्याने. तो घड्याळबंगल्याचा माळी होता आणि बागेच्या कडेच्या दोन खोल्यांत माझ्या मेहुणीसह तीस वर्षे राहिला. बंगला गेला तशी बागही गेली आणि खोल्याही. बंगला बचाव समितीने त्याला पाठिंब्याचे पत्र दिले, छत मी दिले. तो या साऱ्या प्रकारात मला एकदाच बोलला: "साडूभाऊ, एक दिवस जीभ दाताखाली धरली असतीत, तर माझी झाडं उभी असती." याचे उत्तर म्हणून खोली आहे. खोलीसमोरच्या जागेत त्याने काही लावू नये. तिथे लाकूड सुकते.

कलम ३. आता बंगल्याचे लिहिणे भाग आहे, नाही तर पुढची कलमे सूड वाटतील. ती सूड आहेतच, पण हिशोबाने आहेत.

बंगल्याच्या मालकीणबाईंनी मला पंचविशीत एक झडप दुरुस्त करायला बोलावले. झडप उघडली तर आत लाकूड नव्हते, वाळवीने ठेवलेला रंग होता. मग एकामागून एक सगळेच निघाले. जिना तर मी पायरी पायरी सुटा केला, प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घातला, जुना तुकडा डावीकडे ठेवून उजवीकडे नवा घडवला आणि जुळल्यावर जुना जाळला. असे करत वीस वर्षे गेली. जिना पुरा झाला तेव्हा बाई म्हणाल्या, "ज्यानं केलं त्याचं नाव राहू दे. पण पाहुण्यांना दिसेल असं नको." म्हणून तिसऱ्या पायरीच्या खालच्या अंगाला मी माझे नाव आणि साल कोरले. ते पाहायला गुडघ्यावर यावे लागते. ती सोय मी मुद्दाम केली होती.

बाई वारल्या. त्यांच्या पुतण्याने बंगला बागेसह विकासकाला विकायला काढला. गावात बचाव समिती झाली. अध्यक्ष माझे थोरले बंधू, निवृत्त मुख्याध्यापक. सचिव एक वाचनालय चालवणाऱ्या बाई. मोर्चे निघाले, सह्या झाल्या. मीही सही केली. समितीचा फलकही मीच केला, त्याचे पैसे अजून यायचे आहेत, ते मी सोडून देतो.

मग सचिवबाईंनी पत्रक छापले. पहिल्या पानावर माझ्या जिन्याचा फोटो आणि खाली ओळ: "दीडशे वर्षांपूर्वीच्या अनामिक हातांची करामत." मी पत्रक घेऊन गेलो. बाई हसून म्हणाल्या, "अहो मिस्त्री, हा तर तुमचा गौरवच आहे. इतकं हुबेहूब जमलंय." अनामिक हात तेव्हा त्यांच्या टेबलावरच ठेवलेले होते.

कलम ४. सबब, सचिवबाईंना माझे भिंग, पितळी दांड्याचे, आणि त्या पत्रकाच्या माझ्याकडे उरलेल्या सर्व प्रती. अट अशी की हे मृत्युपत्र समितीच्या खोलीत, भरल्या सभेत, त्यांनीच मोठ्याने वाचावे. त्यांचा आवाज चांगला आहे आणि त्या गाळून वाचतात, म्हणून एक प्रत माझ्या वकिलांच्या हातात असावी.

कलम ५. जुनी वास्तू म्हणून बंगल्याला संरक्षण द्यायचे का, हे ठरवायला सरकारी अधिकारी तपासणीला यायचे होते. थोरले बंधू माझ्या कारखान्यात आले, रंध्याच्या छिलक्यांवर रुमाल पसरून बसले आणि म्हणाले, "ती खूण पूस. नंतर पुन्हा कोर. माझ्यासाठी एवढं कर."

मी म्हणालो, "पुसणार नाही. पण दाखवणारही नाही. ते साहेब काही पायऱ्यांखाली डोकं घालायचे नाहीत."

हा माझा शब्द होता आणि तो बंधूंना पुरला नाही.

तपासणीच्या सकाळी सर्वांच्या आधी मी जिन्याजवळ गेलो आणि सवयीने पायरीखाली हात फिरवला. बोटांना अक्षरे लागली नाहीत. खोबणीत फटी भरायची लांबी भरून, घासून, वर पॉलिश मारले होते. काम ओंगळ होते. कडेला अंगठ्याचा ठसा राहिला होता. अंगठा बंधूंचा. लांबीचा डबा माझ्या फळीवरचा. तो कोणी काढून दिला, हे घरी आल्यावर न विचारताच कळले. पत्नी म्हणाली, "मी दिला. माझ्या बहिणीचं घर होतं ते."

अधिकारी आले. भला माणूस, वहीत भराभर लिहीत होता. जिन्याजवळ थांबून म्हणाला की असे जुने काम हल्ली पाहायला मिळत नाही. थोरल्या बंधूंनी मान डोलावली. मी गुडघ्यावर बसलो आणि नखाने लांबी उकरली. आतून ओलीच होती, लोण्यासारखी निघाली. अधिकाऱ्यांना खाली वाकायला सांगितले आणि मग त्यांना घरभर फिरवून दाखवले: हे मी केले, हेही मी, दरवाजा मी, झडपा मी, मनोऱ्यातली जमीन मी. त्यांनी लिहिलेले पान खोडले. जाताना एवढेच म्हणाले, "मी सगळं जुनंच धरलं होतं हो." माझ्या आयुष्यात मला याहून मोठी शाबासकी मिळालेली नाही.

संरक्षण नाकारले गेले. सभेत थोरले बंधू उभे राहून म्हणाले, "माझ्या भावानं बंगला विकला. किती घेतले, ते त्यालाच विचारा." विचारायला कोणी आले नाही. काम द्यायलाही नाही.

सबब, त्या अधिकाऱ्यांना माझा सर्वांत चांगला रंधा. त्यांनी तो वापरू नये, टेबलावर ठेवावा. बाकीची हत्यारे तेल लावून, पेटीत घालून माझ्याबरोबर जावीत. मी कोणाकडे शिकलो नाही. माझ्या हत्यारांवरही कोणी शिकू नये.

कलम ६. थोरले बंधू राहतात ते घर. हे घर बंधूंनी निवृत्तीआधी गहाण टाकले होते. मी ते सोडवले आणि खरेदीखत माझ्या नावे झाले. समितीला हे ठाऊक नव्हते, आता सचिवबाईंच्या आवाजात कळले. हे घर मी बंधूंनाच देतो, पुढील अटीवर. पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराकडून मी तिसरी पायरी विकत घेतली आहे. ती बंधूंच्या बैठकीच्या खोलीत, आरामखुर्चीच्या बरोबर समोर, खालची बाजू वर करून भिंतीला लावावी. अक्षरांतली लांबी पुरती काढलेली आहे. कडेचा अंगठ्याचा ठसा तसाच ठेवला आहे. पायरी एक दिवसही उतरली, झाकली किंवा तिच्यासमोर काही ठेवले, तर हे घर एक रुपया किमतीला त्याच विकासकाला मिळेल. त्याने संमती कळवली आहे.

बंधूंनी मला वाढवले, हे खरे आहे. म्हणून एक भुशाचे पोते वेगळे, बिनशर्त.

साक्षीदार: (१) न्हावी, चौकातले, म्हणजे बातमीसाठी वेगळा खर्च नको. सही. (२) औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांनी गेल्या वर्षभरात मला उधार नाकारली नाही. सही.

लिहिणाऱ्याची सही, सालासह.

ठिकाण: माझ्या कारखान्याचा बाक. तारीख: घड्याळाचा मनोरा पाडला तो दिवस. तो पडताना खालची फळ्यांची जमीन फुटली नाही, हे नोंदवतो.

जोडपत्र. हे साक्षीदारांसमोरच, पण मुद्दाम सह्यांच्या खाली लिहिले आहे. याखाली तिघांच्या सह्या पुन्हा घेतल्या आहेत. तपासणीच्या आदल्या आठवड्यात विकासकाचा माणूस कारखान्यात आला होता. त्याला माझ्याकडून फार काही नको होते. अधिकाऱ्यांना जिन्याखालची खूण दाखवायची, इतकेच. मी त्याला म्हणालो, "माझं नाव दाखवायचे पैसे घेत नाही आणि झाकायचेही नाही. बाहेर हो." बंधूंना दिलेला शब्द मी पाळणार होतो. लांबी भरली नसती, तर मी त्या दिवशी जिन्याच्या कठड्याला टेकून गप्प उभा राहिलो असतो, बंगला आज उभा असता आणि साडूची झाडेही. जे सांगितले ते फुकट सांगितले. देऊ केलेली आणि मी नाकारलेली रक्कम: रुपये चाळीस लाख फक्त.