पुट्टी मारायच्या आधी

प्रणित,

झोपायच्या आधी हे वाच. आज कागदावर लिहितेय, कारण रंगारी येतोय आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारची आपली लिहायची भिंत तो पुट्टीने बुजवणार.

त्याला सांग, खिडकीच्या ग्रिलला रंग लावू नको. ती तुझ्या आजोबांनी घर बांधलं तेव्हाची हाय, मी घासून ठेवलीय. आणि मोझॅकच्या फरशीवर गोणपाट टाकल्याशिवाय शिडी टेकवू देऊ नको. नवीन लाद्या परवडणार नाय म्हणून तर तीच पॉलिश करून घेतली.

भाकऱ्या आणि सुकटीची चटणी डब्यात हाय.

काल पेणच्या कारखान्यात दिवसभर गणपतीचे डोळे आखून आले आणि ती भिंत वरून खालपर्यंत वाचली. तू धाटावच्या कंपनीत रात्रपाळीला, मी दिवसभर पेणला. गवंड्यासाठी लिहिता लिहिता आपणही तिथंच बोलायला लागलो. काम काढल्यापासून आपलं बोलणं तेवढंच. नळ, कोनाडा, सिमेंट, परत नळ.

एका ठिकाणी मी विचारलं होतं, ‘जेवलास काय?’ त्याच्याखाली तू बाण काढून लिहिलंस, ‘स्विचबोर्ड इथे नको.’

बोर्ड हलवून घेतला मी.

रंगारी आला की त्याला आधी चहा दे. पेन्सिल कोनाड्यात हाय. माझ्या त्या एका ओळीखाली उत्तर लिही. मला दिसणार नाय, तरी लिही. मग मारू दे त्याला पुट्टी.

अनिता